बोटांखालची कळ

मराठी भाषेत 'कळ' हा शब्द मोठा खोडकर आहे. पोटात उठते ती कळ, नारद लावतो ती कळ, आणि यंत्र चालविण्यासाठी दाबावयाची तीही कळच! अलीकडे या तिसऱ्या कळीने पहिल्या दोन्ही कळा घरोघर उत्पन्न केल्या आहेत. संगणकावर खेळणारा मुलगा 'मेकॅनिकल कीबोर्ड' मागतो. वडील विचारतात, "घरात आहे त्याला काय धाड भरली आहे?" आई बिचारी दोघांच्या मध्ये सापडते. मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे दिवसभर मुलांत आणि रात्री याच कळांवर. त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडे न्यायासाठी येतात. न्याय द्यावयाचा तर आधी खटल्याची हकीकत नीट पाहिली पाहिजे, आणि ही हकीकत वाटते त्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

आमचे टेमघर कल्याण-भिवंडी रस्त्यावरचे. ठाण्याकडच्या मंडळींना ते माहीत असते ते पाण्यामुळे. शहाड आणि टेमघर ही दोन नावे जोडूनच 'स्टेम' पाणीपुरवठा योजनेचे नाव झाले आहे. परंतु भिवंडीची खरी ओळख कानाला पटते ती यंत्रमागांच्या खडखडाटाने. माग चालू असताना गाढ झोपणारी आणि तो थांबताच दचकून जागी होणारी माणसे मी पाहिली आहेत. यंत्राचा आवाज म्हणजे केवळ गोंगाट नव्हे. धोटा नीट फिरतो आहे, धागा तुटलेला नाही, हे तो कारागिराला सांगत असतो. डोळे दुसऱ्या मागाकडे असले तरी कान पहिल्या मागाची खबर घेतात. यंत्राने माणसाला असे उलट उत्तर द्यावे, ही या लेखातली मुख्य गोष्ट. ती ध्यानात ठेवावी, म्हणजे मुलाचा हट्ट निम्मा समजेल.

आता गंमत अशी, की संगणकाचे मूळही मागातच आहे. फ्रान्समधील लिआँ शहराच्या जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता नाही, हे पुठ्ठ्यातील भोक ठरवी. त्याच्याच नावाने आपले विणकर आजही 'जकार्ड' म्हणतात. पुढे अमेरिकेत १८९० साली शिरगणती झाली, तेव्हा हर्मन हॉलरिथ याने माणसांची माहिती अशाच भोकांच्या पत्त्यांवर उतरविली आणि यंत्राकडून मोजून घेतली. त्याची कंपनी १९११ साली दुसऱ्या कंपन्यांत मिसळली, आणि त्या एकत्रित कंपनीने १९२४ साली जे नाव धारण केले ते आयबीएम. तेव्हा भिवंडीच्या मुलाला संगणक परका नाही. चुलत घराण्यातलाच आहे.

ही झाली संगणकाची पितृशाखा. कळफलकाची मातृशाखा टंकलेखन यंत्राची. अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या क्रिस्टोफर शोल्स याने सहकाऱ्यांसह ते यंत्र रचले, आणि बंदुका व शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली ते बाजारात आणले. पहिल्या यंत्राला शिवणयंत्रासारखे पायटे होते. पाय दाबला की कागदाचा गाडा पुन्हा मागे जाई. शिंप्याचे आणि कारकुनाचे असे नाते तेव्हापासूनचे आहे. आज संगणकाच्या फलकावर इंग्रजी अक्षरे ज्या विचित्र क्रमाने बसली आहेत, तो क्रमही त्याच घराण्याचा वारसा.

आपल्याकडे मुंबईच्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली देशी टंकयंत्र बनविले. स्वतंत्र देशाने स्वतःचे टंकयंत्र करावे, याचे त्या वेळी फार अप्रूप होते. त्यानंतरच्या पिढ्यांत कचेरीच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज उतरविणारे टंकलेखक आले, आणि गावोगाव टायपिंगच्या संस्था निघाल्या. त्या संस्थांत तीच ती अक्षरे शंभर वेळा बडविताना मुलांची करंगळी दुखून येई; पण परीक्षेचा कागद हाती पडला की त्या दुखण्याचे चीज होई. कित्येक घरांतली पहिली पगाराची नोकरी त्या कागदाने दिली. मुलींना तर घराबाहेर पडून मानाने कमावण्याची वाट त्याने दाखविली. गोदरेजचे हे उत्पादन सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात २००९ साली थांबले, आणि २०११ साली त्याची बातमी जगभर झाली. एका यंत्राचा मृत्युलेख दूरदूरच्या वर्तमानपत्रांनी छापावा, हे भाग्य थोड्याच यंत्रांना लाभते.

टंकयंत्रात बोटाचा जोर थेट अक्षरापर्यंत पोचत असे. आयबीएमचा घरगुती संगणक १९८१ साली आला तेव्हा त्याच्या फलकातही प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग होती. ती वाकली की 'टक्' असा आवाज होई आणि बोटाला कळे, की अक्षर पोचले. पुढे संगणक स्वस्त करावयाचे म्हणून पहिली कुऱ्हाड पडली ती या स्प्रिंगेवर. कळांच्या खाली रबराचे घुमट आणि त्याखाली विजेच्या रेघा छापलेले प्लास्टिकचे पडदे, अशी रचना सर्वत्र झाली. ती स्वस्त, हलकी आणि मुकी. कळ तळापर्यंत रेटावी तेव्हा कोठे अक्षर उमटते, आणि उमटले की नाही हे पाहण्यास डोळे वर करावे लागतात. यंत्राने उत्तर देणे सोडले ते येथे.

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे ते उत्तर परत आणणारा फलक. यात प्रत्येक कळीखाली आपली स्वतंत्र स्प्रिंग आणि धातूचा स्पर्श असलेली पेटी असते. तिलाच स्विच म्हणतात. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० नंतरच्या दशकात काढलेला एमएक्स जातीचा स्विच या साऱ्या कुळाचा मूळपुरुष. त्याचे एकस्व संपल्यावर चिनी कारखान्यांनी तशाच पेट्या करण्यास आरंभ केला आणि भाव उतरले. कळीचा सगळा प्रवास सुमारे चार मिलिमीटरचा. त्यातील दोन मिलिमीटर उतरल्यावरच अक्षर उमटते. एक कळ पाच कोटी वेळा दाबली तरी चालेल, असा करणाऱ्यांचा दावा असे.

हे फलक प्रथम खेळाडूंनी नव्हे, कारकुनांनी जपले. आपल्याकडे टीव्हीएस कंपनीचा 'गोल्ड' नावाचा जाडजूड फलक बँकांत आणि कचेऱ्यांत अनेक वर्षे खटखटत होता. त्याच्या पोटात चेरीचे निळे स्विच आहेत, हे त्यावर पासबुके भरणाऱ्या कारकुनाच्या गावीही नसावे. पुढे खेळणाऱ्या पोरांना याचा सुगावा लागला, आणि परदेशी फलकांच्या किमती ऐकून खचलेली मुले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बँकेचा कीबोर्ड मागू लागली!

खेळाडूंना याची गरज का पडावी? १९९६ साली 'क्वेक' नावाचा खेळ निघाला. उजवा हात माउसवर आणि डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर ठेवून त्यात धावावयाचे, ही रीत रूढ करण्याचे श्रेय डेनिस फाँग या तरुणाला देतात. १९९७ च्या स्पर्धेत तो जिंकला, तेव्हा त्या खेळाचा एक कर्ता जॉन कारमॅक याने आपली स्वतःची फेरारी मोटार त्याला बक्षीस दिली. अशा खेळात एकाच वेळी पुढे जावे, वळावे, उडी घ्यावी, अशा तीन-चार कळा दाबाव्या लागतात. स्वस्त पडद्याच्या फलकावर काही जोड्या एकत्र दाबल्या की एखादी कळ गिळली जाते. मुलगा उडी मारतो आणि आतला वीर जागीच उभा राहतो. चांगल्या मेकॅनिकल फलकात प्रत्येक कळीची नोंद वेगळी होते. २०१० साली रेझर कंपनीने 'ब्लॅकविडो' हा फलक खास खेळाडूंसाठी काढला, आणि कारकुनाचे हत्यार रंगीबेरंगी दिवे लावून मिरवू लागले.

आता निवडीचा प्रश्न. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील भिवंडीच्या गोदामात माल चढवितात. मुंबई परिसरात घरपोच जाणारा माल पुष्कळसा आमच्याच गोदामांतून सुटतो. त्या खोक्यांत हे फलकही असणारच. आणि ज्या पाठीवरून ते जातात, त्या पाठीला त्याची किंमत चार-पाच दिवसांच्या मजुरीइतकी पडते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले तेच येथे सांगतो. आधी दिवे विसर. दिव्यांनी बोट हलत नाही. मग स्वतःचे बोट ओळख. तांबडा स्विच सरळ खाली उतरतो, अडत नाही, आवाजही करीत नाही. त्याला सुमारे पंचेचाळीस ग्रॅमचा दाब पुरतो, आणि जलद खेळणाऱ्यांना तो आवडतो. तपकिरी स्विच मध्येच किंचित अडखळून 'पोचले' असे हळूच सांगतो. खेळ आणि लिखाण दोन्ही करणाऱ्यास तो बरा. निळा तेच खणखणीत ओरडून सांगतो. लिहिणाऱ्यास सुख, पण एका खोलीत पाच माणसे झोपत असतील तर रात्री भांडणास निमंत्रण. शक्य तर दुकानात जाऊन तिन्ही दाबून पाहावे. सबंध फलकाला शंभरांवर कळा असतात; उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला सत्याऐंशी कळांचा फलक घेतला तर माउसला ऐसपैस जागा मिळते. स्विच उपटून बदलता येतात असा फलक मिळाला तर उत्तम. एक कळ बिघडली म्हणून सगळे टाकावे लागत नाही. आणि मनगट उचलून धरू नये, मोडूही नये. हात सरळ राहील अशा उंचीवर फलक ठेवावा.

तो मुलगा कोणा कचेरीतून निघालेला जुना निळ्या कळांचा फलक नव्याच्या चौथाई किमतीत घेऊन आला. कळांच्या टोप्या काढून त्याने त्या साबणाच्या पाण्यात धुतल्या. आत कापसाचे तंतू, बडीशेप आणि एक टाचणी निघाली. आज तो फलक उत्तम चालतो.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. अलीकडे चुंबकाने चालणारे फलक आले आहेत. ज्या तत्त्वावर ते चालतात ते एडविन हॉल याने १८७९ साली शोधले होते. कळ किती खोल गेली आहे हे त्यांना केसाएवढ्या अंतराने कळते. त्यातूनच अशी सोय निघाली, की खेळाडूचे एक बोट उठण्यापूर्वीच दुसरी कळ आपोआप खरी मानली जावी. २०२४ साली 'काउंटर-स्ट्राइक'च्या कर्त्यांनी आपल्या खेळात ती चालणार नाही असे ठरविले. मला हा निर्णय पटला. हत्याराने बोटाला उत्तर द्यावे. बोटाऐवजी बोलू नये. परीक्षेच्या वर्गात आम्ही मास्तर दुसरे काय सांगतो?

शेवटी, मला ज्याचे खरे वाईट वाटते ते सांगतो. या देखण्या फलकांवर मराठी अक्षर एकही नसते. मराठी टंकयंत्रावर अक्षर जसे दिसे तसे तुकड्या-तुकड्यांनी जोडावे लागे. ऱ्हस्व इकार आधी आणि व्यंजन मागून. १९८६ साली सरकारने 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी ठरविली. तिच्यात आपण बोलतो त्या क्रमाने लिहितात, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम उभारले ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. आज प्रत्येक संगणकात ही मांडणी फुकट बसलेली आहे. न बसलेली आहे ती आपल्या बोटांत.

आणि गंमत पाहा. खेळाडूचा डावा हात ज्या चार कळांवर रात्रंदिवस असतो, त्याच चार कळांवर इनस्क्रिप्टमध्ये 'ऐ', 'ओ', 'ए' यांच्या मात्रा आणि हलन्ताची खूण आहे. शिफ्ट दाबली तर ऐ, ओ, ए आणि साक्षात् 'अ'. म्हणजे पोराचे बोट श्रीगणेशाच्या अक्षरावर आधीच टेकलेले आहे! शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला तीस मराठी शब्दांचा वेग मागतात. अर्ध्या सेकंदात वळून उडी मारणाऱ्या बोटांना तो काय जड आहे? उणीव वेगाची नाही, ओळखीची आहे.

म्हणून आईबापांना माझा निवाडा असा: ऐपत असेल तर मुलाला चांगली कळ अवश्य घेऊन द्या, तो उधळेपणा नव्हे, कारागिराने हत्यार पारखून घेण्यापैकी आहे. नसेल तर जुना फलक धुऊन घ्या. मात्र अट एक घाला. खेळाच्या दर तासामागे दहा मिनिटे त्याच कळांवर मराठी लिहावयाची. पहिले पत्र आजीला लिहावे. ती ते दहा जणांना दाखवील, आणि फलकाचे पैसे त्याच दिवशी फिटतील.