तीन बादल्यांचं शहर

जानेवारी २०१८. भारताचा संघ केपटाऊनला कसोटी खेळायला गेला होता. बुमराहची ती पहिलीच कसोटी, आणि आपण ती ७२ धावांनी हरलो. क्रिकेटवेड्यांना आठवत असेलच. त्याच सुमारास पेपरात एक छोटीशी बातमी होती: खेळाडूंना शॉवर दोन मिनिटांत आटपायला सांगितलंय. आणि गंमत बघा, त्याच सामन्याचा अख्खा तिसरा दिवस पावसात वाहून गेला! शहरात पाणी नाही आणि कसोटी पावसामुळे बंद...

यात कोडं काहीच नाही. मैदानावर पडलेला पाऊस नळाला येत नाही. तो धरणात पडावा लागतो. केपटाऊनचा पावसाळा साधारण आपल्याच महिन्यांत येतो, मे ते ऑगस्ट, फक्त तेव्हा तिथे हिवाळा असतो. जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. एका दिवसाच्या सरीने काय होणार?

तर आधी थोडी पार्श्वभूमी. केपटाऊन चाळीस लाख वस्तीचं शहर, आणि पाणी जवळजवळ सगळं सहा मोठ्या धरणांमधून. २०१४ साली धरणं भरलेली होती. पुढचे तीन हिवाळे, २०१५, १६ आणि १७, लागोपाठ कोरडे गेले. सगळ्यात मोठं थीवाटर्सक्लूफ, एकूण साठ्याचा निम्म्याहून जास्त भाग एकट्याचा, तिथे तळाची वाळू उडायला लागली. आता तुम्ही म्हणाल, पालिका झोपली होती का? तसंही नाही. याच शहराला २०१५ मध्ये पाणीबचतीबद्दल आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता! चांगलं काम करणाऱ्यांवरही ही वेळ आली, म्हणून तर हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

मग आला 'डे झिरो'. धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद. मग शहरात २०० ठिकाणी रांगा लावायच्या आणि माणशी २५ लिटर घेऊन घरी जायचं. जानेवारीत तारीख जाहीर झाली: १२ एप्रिल.

डेडलाईन म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पण ही डेडलाईन वेगळी होती. मोठी फाईल कॉपी करताना 'उरलेला वेळ' दाखवणारी ती खिडकी आठवा. वेग बदलला की आकडा बदलतो. तसंच इथे होतं: शहराने कमी पाणी वापरलं की तारीख पुढे, जास्त वापरलं की मागे. लोक रोज त्या तारखेकडे बघत होते.

१ फेब्रुवारीपासून मर्यादा झाली माणशी दिवसाला ५० लिटर. आपल्या भाषेत साधारण तीन बादल्या. त्यात आंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक, संडास, सगळं. जुन्या टाकीचा एक फ्लश म्हणजेच ९ लिटर. मग लोक शॉवरखाली बादली घेऊन उभे राहायला लागले आणि तेच पाणी संडासात ओतायला लागले. दोन मिनिटांत संपणारी आंघोळीची गाणी निघाली. न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लागल्या. (हो, तेच न्यूलँड्स, कसोटीवालं.)

आणि जमलं! २०१५ च्या उन्हाळ्यात शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर वापरत होतं, ते २०१८ च्या सुरुवातीला ५० कोटींच्या आसपास आलं. तारीख मे, जून, जुलै अशी सरकत गेली, आणि मार्चमध्ये जाहीर झालं की पाऊस बरा झाला तर यंदा डे झिरो येणार नाही. पाऊस झाला. ऑक्टोबरमध्ये मर्यादा ७० लिटरवर गेली.

इथवरची गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते. लोकांनी ठरवलं आणि शहर वाचलं. खरं आहे, पण अर्धंच. पालिकेचं लक्ष्य दिवसाला ४५ कोटी लिटरचं होतं, तिथवर शहर तेव्हा पोचलंच नाही. उरलेलं काम बाकीच्यांनी केलं. पाइपमधला दाब कमी केला, म्हणजे गळतीही कमी. पाण्याचे दर चढवले, सुस्थितीतल्या घरांचं फुकट पाणी आधीच बंद केलं होतं. फार वापरणाऱ्यांच्या नळावर यंत्रं बसवली, दिवसाला ३५० लिटर झाले की नळ थेंबाथेंबाने. घराघराचा वापर दाखवणारा नकाशा पालिकेने जाहीर केला. मर्यादेत असाल तर घरावर हिरवा ठिपका. शेतीचं पाणी जबर कापलं. आणि ग्रोएनलंड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणांतलं सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहराला दिलं. तेव्हाच्या वापराने हिशेब करा: वीस दिवसांचं पाणी!

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. शहरातल्या झोपडवस्त्या मिळून एकूण पाण्याच्या सुमारे ४ टक्केच वापरत होत्या. सार्वजनिक नळावरून बादल्या भरणाऱ्या बाईला ५० लिटरमध्ये कसं भागवायचं हे शिकवावं लागलं नाही. बंगल्यातल्या माणसाला जे संकट वाटलं, तो तिचा रोजचा दिवस होता.

हे आपल्याला नवीन आहे का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, ५ लाख लिटर. केवढं मोठं वाटतं ना? लातूरच्या वस्तीने भागलं तर माणशी दीड लिटरसुद्धा नाही. मराठवाड्यातल्या बायका भाजी धुतलेलं पाणी झाडाला आणि आंघोळीचं पाणी संडासाला कधीपासून वापरतायत, त्यांना कुणी पुरस्कार दिल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून केपटाऊनमधून घ्यायचं ते बादलीचं कसब नाही, ते आपल्याकडे आहे. घ्यायचं ते मोजणं. तिथे प्रत्येक घराला आपला आकडा कळत होता, आणि तो चुकला तर बिलात दिसत होता. माझ्या सोसायटीत चार बिल्डिंगना मिळून एकच मीटर आहे. दिवसातून दोनदा गाडी धुणारा आणि आंघोळ बादलीने करणारा, दोघांचा मेंटेनन्स सारखाच! मग 'पाणी वाचवा' असा कागद लिफ्टमध्ये लावून काय होणार? ज्याला आकडा नाही त्याला फार तर अपराधी वाटेल, पण नळ बंद होणार नाही.

शहरांसाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात. या रविवारी एक करून बघा. वॉचमनकाकांना सांगून सोसायटीच्या मीटरचं रीडिंग सकाळी घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत घ्या, टँकर आला असेल तर तोही मिळवा आणि राहणाऱ्या माणसांनी भागा. जो आकडा येईल तो पुढच्या मीटिंगमध्ये मांडा. भांडण होईल. होऊ दे, निदान पाण्यावरून आत्ताच होईल, रांगेत उभं राहून नाही.