डिलीट झालेली फाइल परत मिळवताना

फाइल डिलीट केली की ती लगेच नष्ट होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बँकेत लेजर हाताने लिहिली जात, त्या काळची अनुक्रमणिका आठवा. तिच्यातले नाव खोडले तरी आतले पान तसेच राहायचे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीतही फाइलची नोंद 'वापरात नाही' अशी होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच असतो.

म्हणून आधी हात थांबवावा. त्या डिस्कवर नवीन काही साठवू नये, फाइल शोधण्याचे सॉफ्टवेअरसुद्धा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवाचे फोटो स्कॅन करून मूळ प्रती ज्यांच्या त्यांना परत दिल्या होत्या. जागा करायच्या नादात तो फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडवला आणि घाबरून त्याच डिस्कवर दोन-तीन सॉफ्टवेअर उतरवली. बहुतेक फोटो मिळाले, पण काहींचा खालचा अर्धा भाग नुसता करडा आला. त्यांतल्या एका घराने मधल्या काळात वाडा विकला, मूळ फोटोही त्या आवराआवरीत गेले.

सुरुवात अर्थातच रिसायकल बिनपासून करावी. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डावरून डिलीट केलेले सहसा तिथे जात नाही, शिफ्ट-डिलीट केलेलेही नाही. गूगल ड्राइव्हचा कचरा वेगळा असतो, त्यात फाइल 30 दिवस राहते.

तिथे नसेल तर सॉफ्टवेअर. रेकुव्हा नवख्या माणसाला सोपे. मायक्रोसॉफ्टचे विंडोज फाइल रिकव्हरी 2020 मध्ये आले. ते मोफत आहे, पण आज्ञा टाइप कराव्या लागतात. फोटोंसाठी मला फोटोरेक आवडते. ते अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक असते, ती ओळखून मजकूर उचलते. त्यामुळे मूळ नावे जातात आणि शेकडो फोटो उघडून पाहावे लागतात. बैठक हवी! सापडलेल्या फाइल मात्र दुसऱ्या डिस्कवरच घ्याव्यात.

हे सगळे फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला, पेन ड्राइव्हला आणि कार्डांना लागू. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय असते. कोणती जागा मोकळी झाली हे विंडोज डिस्कला कळवते आणि डिस्क ती स्वतःच साफ करते. विंडोज 7 पासून हे चालू आहे. तिथे फारशी आशा ठेवू नये.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. संगणक बंद करून डिस्क जाणकाराकडे न्यावी. खर्च बराच येतो, तेव्हा आधी अंदाज लेखी मागावा.