दल सरोवराकाठी हनिमून: निघण्यापूर्वी हे बघा

निकाह, वलीमा, दावती यांच्या गडबडीनंतर नव्या जोडप्याला निवांत बोलायला मिळतात ते हेच चार दिवस. श्रीनगरला जाणार असाल तर ते गुलमर्ग-पहलगामच्या धावपळीत घालवू नका, दल सरोवराकाठीच मुक्काम ठेवा, असे आम्ही सुचवतो.

कधी जावे: ट्यूलिपची बाग साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनारची पाने लाल होतात. 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याची थंडी.

कुठे राहावे: बुलेवार्ड रस्त्यासमोरच्या हाउसबोटींकडे वर्दळ जास्त. शांतता हवी तर शेजारच्या निगीन तलावावर बघा. जेवण, हीटर आणि शिकाऱ्याने ने-आण भाड्यातच आहे का, हे आधी विचारा.

काय पाहावे: जहांगीर बादशहाने 1619 मध्ये सुरू केलेली शालीमार बाग आणि नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने केलेली निशात बाग, दोन्ही पूर्वेच्या बाजूला. पश्चिम काठावर हजरतबल दर्गाह. शिकाऱ्याचा दर बसण्यापूर्वीच ठरवा.

कागदपत्रे: दुल्हनचे विमानाचे तिकीट आधार कार्डावर आहे त्याच नावाने काढा. घाईने सासरचे आडनाव टाकले तर विमानतळावर अडकाल. निकाहनाम्याची एक प्रत सोबत असू द्या. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते.

घरच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती: रोज एक फोन पुरे. बाकीचा वेळ त्या दोघांचा आहे.