साहेबांची बेरीज

संध्याकाळी टॅली लागली नाही की पहिला संशय कारकुनावर, ही बँकेची जुनी रीत आहे. एका मार्चअखेरीस आमचा १८० रुपयांचा फरक निघाला. १८० ला नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकड्यांची उलटापालट, एवढं बी. कॉम.च्या पुण्याईने कळत होतं. रात्री दहापर्यंत मी माझ्याच नोंदी उकरत बसलो. साहेबांच्या व्हाउचरला कुणी हात लावला नाही. साहेब कधी चुकतात होय?

असाच फरक एकदा बुद्धिबळात निघाला होता. १९४८ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग आणि त्यांचे मित्र डेव्हिड शॅम्परनाउन (हे अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे आमच्या जातकुळीचे!) यांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम रचायला घेतला. तो चालवायला यंत्र नव्हतं, कागद-पेन्सिलवर काम. प्याद्याला १, घोड्याला ३, हत्तीला ५, वजिराला १० गुण. उंटाला साडेतीन! साडेतीनाचं महत्त्व मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या लोकांना काय सांगायचं? नियम असा की, आपली प्रत्येक चाल आणि तिला समोरच्याचं प्रत्येक उत्तर तपासायचं. मारामारी चालू असेल तर ती थंडावेपर्यंत पुढे जायचं आणि मग गुणांचा हिशेब करायचा.

१९५२ मध्ये मँचेस्टरला ट्युरिंग स्वतःच यंत्र होऊन अ‍ॅलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी खेळले. एकेका चालीला अर्धा अर्धा तास! एवढं करून २९ चालींत हरले.

१९५४ साली ट्युरिंग गेले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी चेसबेस या जर्मन कंपनीच्या मंडळींनी तेच नियम संगणकावर चढवले. पाहतात तो पहिल्याच चालीपासून फरक! संगणक एक खेळतोय, ट्युरिंगांच्या डावात दुसरंच. बिचारे आपल्याच प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. समोर ट्युरिंग; त्यांच्यावर शंका घ्यायची कुणाची छाती? शेवटी ट्युरिंगांच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. प्रोग्रॅम बरोबर होता, हात चुकला होता तो ट्युरिंगांचा. एखादी चाल वाईटच दिसतेय, मग कशाला तिचा हिशेब करा, म्हणून ते तिला गाळून पुढे जात. अर्ध्या तासाची बेरीज करणाऱ्या माणसाला हा मोह होणारच. आम्ही कारकून तो रोज आवरतो.

२०१२ मध्ये ट्युरिंग-जन्मशताब्दीला मँचेस्टरमध्ये कास्पारॉव्ह या प्रोग्रॅमशी खेळला आणि १६ चालींत त्याने मात केली. निदान या वेळी हिशेब तरी चोख होता.

आमचा फरकही सापडला. साहेबांनी व्हाउचरवर १६४० चे १४६० केले होते. मी ते दबकत समोर ठेवलं. चष्मा पुसत साहेब म्हणाले, “घाईत होतं असं. पण तुम्ही आधीच बघायला नको होतं का?”