डोलगॉखचे वारस

वेल्समधील टॅलिलिन रेल्वे पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ साली बांधली गेली. १९५० साली तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स निवर्तले आणि ती मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट व सहकाऱ्यांनी संस्था स्थापली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर गाडी सोडली. तो हंगाम १८६६ च्या ‘डोलगॉख’ इंजिनाने जवळजवळ एकट्याने निभावला. झिजलेले ‘टॅलिलिन’ इंजिन दुरुस्त होऊन रुळांवर परतले ते १९५८ साली.

आमच्या ग्वाल्हेरची शिंदेकालीन छोटी गाडी २०२० साली थांबली. आम्ही हळहळलो, हाती पाना मात्र घेतला नाही. पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्या आम्हांस हे लागले पाहिजे. वारसा जन्माने लाभतो, टिकतो तो श्रमाने.