कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

चलच्चित्राचा शोध 19व्या शतकाच्या अगदी अखेरचा. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी 1895 साली पेटंट घेतलेली त्यांची लाकडी पेटी चित्रण करी, त्याची प्रत काढी आणि तीच प्रत पडद्यावर दाखवी. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या यंत्राचा खेळ झाला आणि भारताला सिनेमा ठाऊक झाला. पुढची वीस-बावीस वर्षे मात्र चित्रणाचे यंत्र परदेशातूनच येत राहिले. सावे दादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899च्या सुमारास कुस्तीचे चित्रण केले, ते लंडनहून मागवलेल्या कॅमेऱ्यावर. दादासाहेब फाळके यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’साठी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विलायतेतूनच आणला. चित्रणाचा कॅमेरा इथल्या कारागिरांनी स्वतः घडवला तो कोल्हापुरात, 1918च्या सुमारास.

या कामाचे मोल कळण्यासाठी यंत्राची अडचण समजून घ्यावी लागते. फिल्मची पट्टी भिंगामागून नुसती सरकत राहिली, तर तिच्यावर केवळ पुसट पट्टे उमटतात. पट्टी क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, त्या क्षणात प्रकाश आत आला पाहिजे, मग झडप मिटली पाहिजे आणि पट्टी नेमकी एका चौकटीएवढी पुढे ओढली गेली पाहिजे. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडत असे. पट्टीच्या कडेच्या छिद्रांत अडकणाऱ्या बारीक नखांकडे हे ओढकाम असते. ल्युमिएर यांना या हालचालीची कल्पना शिवणयंत्रावरून सुचली, असे सांगतात. नख केसभर जरी चुकले, तरी पडद्यावर चित्र थरथरते, कारण पडद्यावर ती चूक शेकडो पटींनी मोठी होते. बाहेरून हँडल फिरवणाऱ्याचा हातही तितकाच स्थिर लागे. साधारण एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे.

हे आव्हान घेतले ते आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री या चुलतबंधूंनी. बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घरात सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला, मूर्तिकाम पिढीजात चालत आलेले. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात दोघे बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि त्यात त्यांचे नाव एवढे झाले की ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसले. राजवाडे, अरण्ये, दरबार सपाट कापडावर खोल दिसावेत यासाठी प्रकाश कुठून पडतो याचा अभ्यास त्यांना रोजच करावा लागे. फाळक्यांचा चित्रपट पाहिल्यावर या चित्रकारांना पडद्यावरची चित्रे हलवण्याची ओढ लागली, हे त्यांच्या धंद्याशी सुसंगतच होते.

नवा कॅमेरा घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. त्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल मिळणेच अवघड झाले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचे काळीज एकच असते: पट्टी थांबवणे आणि पुढे ओढणे. एकात प्रकाश आत येतो, दुसऱ्यात बाहेर जातो. प्रोजेक्टर खोलून पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचे अर्धे गणित समोर मांडलेले मिळते. उरलेले अर्धे, म्हणजे प्रकाशाचा एक किरणही भलत्या वेळी आत न शिरेल अशी पेटी, झडप आणि भिंगाची बसवण, हे हाताने शोधावे लागते. काम सुरू असतानाच 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून लेथवर भाग कातत, घासत, जुळवत कॅमेरा पुरा केला.

या कॅमेऱ्यात नवे तत्त्व नव्हते, ते युरोप-अमेरिकेतच सापडले होते. तरीही कोल्हापूरच्या कामाला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. आराखडा नाही, शिकवणारा नाही, सुटे भाग मिळत नाहीत, अशा स्थितीत दुसऱ्याने सोडवलेले कोडे पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागते. एका गोष्टीत मात्र परावलंबन सुटले नाही: कच्ची फिल्म परदेशातूनच येत राहिली. ती देशात बनवण्यासाठी उदकमंडलमला कारखाना उभारण्याचे पाऊल 1960मध्ये पडले.

बाबूरावांनी काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, हे त्या काळी धाडसाचे होते. कीचकवधाचे दृश्य तर प्रेक्षकांना सोसवेना इतके खरे वाटले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’मध्ये (1923) कृत्रिम प्रकाशात चित्रण झाले. ‘सावकारी पाश’ने (1925) देवदेवता बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. चित्रपटांची पोस्टरे बाबूराव स्वतः रंगवत.

कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची ठरली ती त्याच्याभोवती तयार झालेली माणसे. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या कंपनीत शिकले, ते सगळ्याच कामांना हात लावत. 1 जून 1929 रोजी या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बोलपट आला तेव्हा पुन्हा एक परके यंत्र समोर उभे होते. या वेळी ध्वनिमुद्रण दामल्यांनी हाती घेतले आणि 1932मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट कोल्हापुरात तयार झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ 1937च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र बोलपटांच्या लाटेत टिकली नाही आणि 1930च्या दशकाच्या आरंभीच बंद पडली. बाबूराव पुन्हा चित्र आणि शिल्पाकडे वळले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले. कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचे स्मारक आहे.