पावकीपासून पाऊण भाकरीपर्यंत

जळगावजवळच्या पिंप्राळ्यात, किंवा खानदेशातील कोणत्याही गावाच्या बाजारात, 'सव्वा किलो', 'दीडशे', 'अडीच हजार' हे शब्द सतत कानी पडतात. मुलेही ते बिनचूक वापरतात. त्याच मुलांना वर्गात १/३ मोठा की १/४ असे विचारले, तर बरीच जण १/४ म्हणतात. कारण ४ हा ३ पेक्षा मोठा! बाजारातला अपूर्णांक आणि फळ्यावरचा अपूर्णांक यांची ही ताटातूट कशी झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर पाटण हे ठिकाण आहे. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात दर घाण्यामागे पळीभर तेल आणि ग्राहकाकडून दामाचा 'विसोवा', म्हणजे विसावा हिस्सा, अशी देणी आहेत. गणिताच्या त्या शाळेचा खर्चच अपूर्णांकावर चालत होता!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एका कंजुषाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला एका द्रम्माच्या १/२ च्या २/३ च्या ३/४ च्या १/५ च्या १/१६ चा १/४ दिला. गुणाकार केला की १/१२८० येतो. त्या काळी २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. एवढ्या खटाटोपानंतर याचकाच्या हाती पडली एक कवडी!

पुढे पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) घोकत. हिशेब तोंडी व झटपट होत. पण या पाढ्यांत एक गोष्ट लक्षात येते. ते सगळे अर्ध्याच्या आणि पावाच्या कुळातले आहेत. तृतीयांशाचा पाढा नाही, आणि 'सव्वा'सारखा तृतीयांशाचा रुळलेला शब्दही नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. तागडीला पारडी दोन. वजनाशिवायही धान्याचे दोन सारखे भाग करता येतात, अर्ध्याचे पुन्हा अर्धे करता येते. तीन सारखे भाग करणे अवघड.

नाण्यांचेही तसेच. रुपयाचे १६ आणे. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. तृतीयांश हवा तर आण्याच्या १२ पै कराव्या लागत: ५ आणे ४ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ मेट्रिक वजने आली. हिशेब सोपा झाला, पावकी-दिडकीची गरज ओसरली. मात्र घोकंपट्टी गेल्यावर तिच्या जागी अर्थ आला नाही. 'छेद सारखा करा' ही नवी घोकंपट्टी आली.

अलीकडे यावर वेगळा विचार झाला आहे. हॉलंडमध्ये लेन स्ट्रीफलँड यांनी आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी समान वाटणीपासून अपूर्णांक शिकविण्याचे प्रयोग केले. त्याच वाटेने आपल्या वर्गात असा प्रश्न ठेवता येईल: ३ भाकरी ४ मुलांत सारख्या वाटा. उत्तर लगेच सांगू नये. मुलांना चित्रे काढू द्यावीत. कोणी प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करील. प्रत्येकाला तीन पाव मिळतील. कोणी दोन भाकरी अर्ध्या करील आणि तिसरीचे चार भाग करील. प्रत्येकाला अर्धी आणि पाव मिळेल. दोन्ही वाटण्या बरोबर आहेत का, यावर मुलांना वाद घालू द्यावा. १/२ + १/४ = ३/४ हे त्या वादातूनच निघते आणि 'पाऊण' या घरच्या शब्दाला आकडा भेटतो.

मग दुसरा प्रश्न: ४ भाकरी ३ मुलांत आणि ५ भाकरी ४ मुलांत, कोणत्या गटात वाट्याला जास्त येते? प्रत्येकाला एक अख्खी मिळाली की दोन्हीकडे उरते एकच भाकरी. एकीकडे खाणारे तीन, दुसरीकडे चार. खाणारे वाढले की तुकडा लहान होतो, हे मुलेच एकमेकांना पटवतात. सुरुवातीच्या १/३ आणि १/४ च्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. ५ भाकरींच्या गटाचा वाटा 'सव्वा'. दुसऱ्या वाट्याला मात्र आपल्याकडे नावच नाही! १ १/३ लिहिण्याची गरज मुलांना येथे खरी जाणवते. म्हणून पाव, पाऊण, सव्वा हे शब्द आधी फळ्यावर घ्यावेत आणि ते जेथे अपुरे पडतात, तेथे अंश-छेदाची ओळख करून द्यावी.